तिसरा शंकू वाकला

गंगापूर रोड, नाशिक
२२ एप्रिल १९९९

तीर्थस्वरूप देवव्रतभाऊजींना बाळाजीचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि उत्तराताईचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. मी अभिमानाने दोन इंच रुंद झालो आहे, एवढंच.

बँकेची नोकरी सोडून मी माती मळायला लागलो, तेव्हा आपण भर पंगतीत मला 'चिखल्या' म्हणालात. मीही तिरीमिरीत सांगून बसलो की माझ्या आभाच्या लग्नात वऱ्हाड पाणी पिईल ते मी स्वतः भाजलेल्या माठांतलंच. त्यावर आपण (हातात श्रीखंडाची वाटी होती, मला स्पष्ट आठवतं) प्रतिज्ञा केलीत की बाळ्याच्या माठातलं पाणी प्यायची वेळ आली, तर मांडवात पाय ठेवणार नाही. लग्न दहा मेला आहे. माठ तयार आहेत. कसे झाले ते सविस्तर लिहितो, कारण भट्टीचं तापमान सांभाळणं म्हणजे काही आपल्या रेल्वेतल्यासारखं गाडीला हिरवा झेंडा दाखवणं नव्हे.

भट्टीत तीन शंकू ठेवतात. बोटाएवढे, खास मातीचे. ठरावीक उष्णता झाली की ते मान टाकतात. पहिला वाकला की सावध व्हायचं, दुसरा वाकला की जाळ बंद, आणि तिसरा ताठच राहिला पाहिजे. ओळखायला सोपं जावं म्हणून मी त्यांना घरचीच नावं दिली. पहिला मी (जरा ऊब लागली की वाकतो, हे आमच्या घरात कोणीही सांगेल). दुसरी उत्तराताई, वेळेवर आणि शहाणपणाने वाकणारी. तिसरे आपण. कारण सांगायला नकोच.

शिवाय मी मुंबईहून भट्टीचं तापमान दाखवणारं काट्याचं मीटर आणलं होतं. आकडा दिसला की बँकेतल्या माणसाचा जीव शांत होतो. दुपारी बारापर्यंत काटा शिस्तीत नऊशेवर पोचला आणि तिथेच थांबला. मी लाकडं सारत राहिलो. मला हे काम शिकवणाऱ्या चिमणाबाई भट्टीच्या भोकातून आत डोकावून म्हणाल्या, "सायब, जाळ पिवळा झालाय, बास करा. काटा मेलाय तुमचा." मी त्यांना आकड्यांवर श्रद्धा ठेवण्याविषयी थोडं समजावलं (थोडं म्हणजे पाऊण तास). मग काट्यावर टिचकी मारली, तसा तो एकदम अकराशेवर गेला. भोकाला डोळा लावला. मी आडवा होतो. ताई आडवी होती. आणि भाऊजी, आपणसुद्धा वाकला होतात.

दोन दिवस भट्टी निवू दिली. दार उघडताना मी आधी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू? पण एकही माठ फुटला नव्हता! बाराही उभे होते, माना किंचित तिरक्या करून. वाजवले तर देवळातल्या घंटेसारखे खणखणले. रात्रभर भरून ठेवले, तर खाली थेंब नाही. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी पक्कं केलं, भाऊजी. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही, नुसता माठांकडे बघत बसलो.

ताईस नमस्कार.

आपला,
बाळाजी (चिखल्या)

ता. क. : जाळ जास्त झाल्याने माठ पाझरत नाहीत, म्हणून त्यांतलं पाणी गारही होत नाही. चिमणाबाई म्हणतात, "घाम आल्याबिगर माठ गार व्हत नाय." सध्या त्यांतलं पाणी अंघोळीला उत्तम आहे.

ता. ता. क. : तेव्हा आपली रेल्वेतली ती पाण्याची जुनी कापडी छागल घेऊन यावं. ती चांगली पाझरते. आपण तिच्यातलंच पाणी प्यायलात, तर प्रतिज्ञाही मोडत नाही. आतोबा आल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार नाही, असं आभा म्हणते, आणि तिचा हट्ट आपल्या वळणावर गेला आहे. मी हे पत्र लिहितानाच वाकलो, ताई तर तयारच असेल. राहिलात आपण. अकराशे अंशांना आपण वाकता हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. नाशकात सध्या चाळीसच आहेत, पण तेवढ्यात भागवून घ्यावं.