शुक्रवारचा नंबर

निंबारपाडा,
१२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप सोमनाथदादास,
मोहिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून दचकशील. आजकाल पत्र कोण लिहितं! पण घरातून फोन केला तर हे ऐकतात आणि घराबाहेर गेलं की रेंज नाही. म्हणून दिनेशच्या पिकअपबरोबर पाठवते आहे. तो रोज टोमॅटो घेऊन पिंपळगावच्या मार्केटला येतो, पुढे ओझरला तुझ्या घरी टाकेल. उत्तरही त्याच्याच हाती दे. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

इथल्या सरकारी दवाखान्यातलं डायलिसिस बंद पडलंय. मशीन बिघडली असती तर मनाची समजूत घातली असती. पण चारही मशीन नवीकोरी आहेत, लाईट आहे, शुद्ध पाण्याचा प्लांट चालू आहे, औषधंही आहेत. ती चालवणारा टेक्निशियन तेवढा नाही. त्याचं कंत्राट संपलं, नवं झालं नाही, मग तो गुजरातेत खासगी दवाखान्यात गेला. त्याला तरी काय बोलणार, त्यालाही पोट आहे. डॉक्टर भले आहेत, पण मशीन चालवणं त्यांना येत नाही, तसं ते सरळ सांगतात. सध्या मशीनवर चादरी घालून ठेवल्यात.

यांना आठवड्यातून तीनदा नाशिकला न्यावं लागतं. सोमवारी तिथेही नंबर लागला नाही, तसेच परत आलो. पाय सुजून चपलेत जात नाहीत. आडवं पडलं की दम कोंडतो, म्हणून भिंतीला टेकून बसतात. पाणी मोजून देते तर परवा माझ्यावर ओरडले आणि मग रडले. दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला फार भीती वाटते.

तुझ्या ओळखीपाळखींची मी जन्मभर टिंगल केली. आज त्यांच्यासाठीच पदर पसरते. तुझ्या वर्गातले ते कोंडाजी नाशिकला दवाखान्यांच्या नेमणुका बघतात ना? त्यांच्याकडे शब्द टाक. एक माणूस पाठवा म्हणावं. कुठूनही पाठवा.

मंजुषावहिनींना नमस्कार. तुझी माझ्यावर माया तर आहेच, या वेळी ती जरा पळत येऊ दे.

तुझी,
मोहिनी


ओझर,
१४ सप्टेंबर

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि कारखान्यात रजा टाकून थेट नाशिक गाठलं. कोंडाजीने आधी चहा पाजला, मग साहेबी थाटात फायली चाळल्या. मी त्याला आठवण करून दिली की दहावीला गणितात तू माझ्या पेपरात बघून पास झालास. लगेच वळणावर आला. सोमवारी तुमच्याकडे प्रतिनियुक्तीवर टेक्निशियन हजर होतोय. आदेशावर सही माझ्या डोळ्यांदेखत झाली.

तेव्हा बाईसाहेब, यापुढे माझ्या ओळखींना नावं ठेवायची नाहीत.

मंजुषा लाडू पाठवणार होती. नंतर तिला आठवलं की रवीरावांना हेही चालत नाही आणि तेही चालत नाही. शेतात टोमॅटोचे ढीग आणि घरधन्याला फोडसुद्धा खायची बंदी, याचं तिला भारी वाईट वाटतं. लाडू तिने शेवटी मलाच वाढले. तू जेवतेस ना वेळेवर? तू आडवी झालीस तर त्यांच्याकडे कोण बघेल?

खुशाली लगेच कळव. तोवर आमचा जीव तुमच्या दारातच आहे असं समज.

तुझा,
सोमनाथदादा


निंबारपाडा,
२१ सप्टेंबर

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. नमस्कार.

सोमवारी अमोल आला. अमोल म्हणजे तुझ्या कोंडाजींनी पाठवलेला टेक्निशियन. हलक्या हाताचा आहे, सुई लागल्याचं यांना कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर हे उशीवर डोकं टेकून झोपले. इतके गाढ झोपले की मी दोनदा जाऊन छाती हलते का ते पाहिलं. त्या वेळी तू समोर असतास तर तुझ्या पाया पडले असते.

हा आनंद बुधवारपर्यंत टिकला. गुरुवारी एसटीतून मालेगावकडचे सहाजण उतरले. अमोल तिकडच्या दवाखान्यात होता आणि तिथेही तो एकटाच होता. त्याला इकडे पाठवल्यावर तिकडची मशीन बंद पडली. तो कुठे गेला ते विचारत विचारत ही माणसं त्याच्या मागे आली. आजारी अंगाने, दोन गाड्या बदलून.

अमोलने कोणालाच परत पाठवलं नाही. सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून त्याने प्रत्येकाचा आठवड्यातला तिसरा नंबर कमी केला. यांचा शुक्रवार गेला. तो नजमा नावाच्या बाईला मिळाला. तिचा नवरा पॉवरलूमवर कामाला आहे. आता तिला मंगळवार आणि शुक्रवार.

मी अमोलशी भांडले. व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले की दवाखाना आमचा आहे, आधी आमच्या माणसांचं बघा. नजमा तिथेच बाकावर होती. तिने सरकून मला बसायला जागा दिली आणि हिंदी-मराठीत विचारलं की माझ्या घरचं कोण आजारी आहे. मी तोंड फिरवलं.

दादा, अमोल कुठून येणार हे तुला माहीत होतं का? खरं सांग.

बाकी तुझ्या मायेवरच दिवस ढकलते आहे.

मोहिनी


ओझर,
२३ सप्टेंबर

चि. सौ. मोहिनीस,
आशीर्वाद.

माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नाही. माणूस मिळतोय एवढ्यावरच खूश झालो.

आज पुन्हा कोंडाजीकडे गेलो आणि चांगला तावातावाने बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की अख्ख्या जिल्ह्यात माणसं मोजकी, जागा जास्त. एकीकडे द्यायचा म्हणजे दुसरीकडून काढायचा. मशीन घ्यायला पैसे एकदम येतात, फीत कापता येते, फोटो निघतो. माणसाला दर महिन्याला पगार द्यावा लागतो आणि पगाराचा फोटो कोण काढणार! भरतीची फाईल तो वर पाठवतो, ती शेरा घेऊन खाली येते. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली.

एक मार्ग निघतोय. अमोलने तीन दिवस तिकडे जायचं, तीन दिवस तुमच्याकडे यायचं. त्या लोकांची ये-जा वाचेल. तुमचे दोन नंबर राहतील, मात्र शुक्रवार परत मिळायची आशा सोडावी लागेल. शिवाय कोंडाजीने बजावलंय की तिकडे कोणी माझ्याहून वजनदार माणसाने शब्द टाकला, तर अमोल तिकडेच राहील.

रवीराव तुझा नवरा आहे. ओझरला बसून हे मी कसं ठरवू? तुझा होकार आला की त्याच दिवशी जाऊन सांगतो. दिनेशच्या हाती दोन ओळी लिही.

काहीही लिहिलंस तरी मी तुझाच भाऊ आहे.

सोमनाथदादा


निंबारपाडा,
२८ सप्टेंबर

दादा,
नमस्कार.

तुझं पत्र मला मंगळवारीच मिळालं. दिनेश रोज सकाळी दारात गाडी थांबवून विचारायचा की उत्तर द्यायचंय का. मी रोज नाही म्हणून सांगायचे. अमोल एकदा तिकडे गेला की परत येणार नाही, याचीच मला धास्ती होती. पत्र डाळीच्या डब्यामागे लपवलं आणि यांनाही दाखवलं नाही.

त्याच मंगळवारी नजमाची पुढची एसटी चुकली होती, हे मला नंतर कळलं. ती अर्ध्या वाटेवरून घरी परत गेली.

काल शुक्रवारी मी यांना बळेच दवाखान्यात घेऊन गेले. कोणी आलं नाही तर त्याचा नंबर मिळेल, या आशेने जाऊन बसलो. मालेगावकडचे पाचजण उतरले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी अमोलला सांगितलं की नजमाचं नाव काढून टाक, ती गुरुवारी गेली. छातीत पाणी भरलं होतं. तिची मुलगी तिसरीत आहे.

अमोल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग डोळे पुसून त्याने आम्हाला विचारलं की मशीन तयार आहे, घेता का.

आम्ही तो नंबर घेतला, दादा. त्याने चादर बदलली आणि हे त्याच बेडवर झोपले. हा नंबर कोणाचा होता असं यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की एक बाई आली नाही.

आज तुला होकार लिहायलाच बसले होते. पण आज सकाळी हे चपला घालून स्वतःच्या पायांनी बांधापर्यंत जाऊन आले. येताना टोमॅटोच्या भावावरून दिनेशशी हुज्जत घालत होते. ते पाहिलं आणि माझ्या हातून होकार लिहिला जाईना. नजमाचं तोंड डोळ्यांपुढे आहे, तरी लिहिला जात नाही. मी अशी नव्हते रे.

तूच कोंडाजींकडे जा. काय सांगायचं ते सांग, पण मला विचारू नकोस.

माझा राग येईल. तो येऊ दे, पण लोभ तोडू नकोस.

मोहिनी