डाव्या डोळ्याचा इशारा

जबलपूर,
रविवार, २१ नोव्हेंबर १९७१

प्रिय बळीराम,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पत्र चुलीत घालशील, असं तुझी वसुधावहिनी म्हणते. घालायचं असेल तर घाल, पण आधी वाच. मराठीतच लिहितो आहे. तुझ्या शहपुऱ्याच्या हिंदी पोस्टमनने उघडलं तरी त्याला अक्षरं लागतील, मजकूर लागायचा नाही.

आधी माझी बातमी. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. खरं म्हणजे डोळ्याचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं. डोळा आता नुसता लवत नाही. तो मिटतो, मग गाल वर ओढला जातो, मग ओठाचा कोपरा. झोपेतसुद्धा चालूच असतं म्हणे. पुरुषाचा डावा डोळा लवणं वाईट, म्हणून वसुधेने ग्वारीघाटावर नारळ वाढवून झाले, नर्मदामाईने काही मनावर घेतलं नाही. गेल्या महिन्यात चेरीतालचे लोक आमच्या बेबीला बघायला आले होते. चहात साखर किती, असं मुलाच्या आईला विचारताना मी डोळा मारला, म्हणजे तो मारला गेला. बाई लाल झाल्या आणि स्थळ तिथेच बारगळलं. त्या दिवशी वसुधा चिडून म्हणाली, "काहून अंगावर काढून राहिले इतके वर्षं? दाखवा नं डॉक्टरला."

दाखवलं. मोठ्या दवाखान्यातले सर्जन बोलायला कोरडे, मला आवडले. त्यांनी कागदावर झाड काढलं. कानाखालून एक नस बाहेर येते आणि तिला फांद्या फुटतात, कपाळाकडे, डोळ्याकडे, ओठाकडे. कानापुढे चीर द्यायची, एकेका फांदीला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि जी डोळ्याला उडवते ती कापायची. उडणं थांबतं. मात्र पापणी पुरती मिटत नाही, गाल थोडा लुळा पडतो आणि हसलं तर अर्धंच तोंड हसतं. मी म्हटलं चालेल, आमच्याकडे हसायचे प्रसंग बेताचेच येतात. त्यांनी बुधवार, चोवीस तारीख दिली.

हा डोळा पहिल्यांदा तूच ओळखलास, चौसष्ट साली. तू स्टीम हॅमरच्या दांड्यावर, मी समोर ऐरणीशी, दोन्ही हातांत सांडस आणि तिच्यात लाल लोखंड. त्या आवाजात तोंडाचा उपयोग नाही आणि हात मोकळे नाहीत, म्हणून फौजेच्या फॅक्टरीतल्या आपल्या लोहारकामाच्या शॉपमध्ये सगळा कारभार चेहऱ्यावर चालायचा. डावा डोळा मिटला की हलका घाव, मान खाली गेली की पुरा. तोच डोळा आपोआप मिटायला लागला. बाकीचे, आँख मारता है म्हणून चेष्टा करायचे, त्यांना तो माझा स्वभाव वाटायचा. मी मात्र घाबरलो होतो, कारण हॅमरवरून काढलं तर मला दुसरं काही येत नव्हतं. तू डबा उघडता उघडता म्हणालास, "तुझा खरा इशारा मला समजते, घाबरू नको." पुढे वर्षभर तू माझं उडणं आणि माझा इशारा वेगळा करत राहिलास, आणि मी ते खुशाल गृहीत धरलं.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. थकवा आला की माझा डोळा जास्त उडतो, आणि थकला तर तूही होतास. आपला पन्नाशीचा मदतनीस नथ्थू ऐरणीवरची जळक्या लोखंडाची पपडी झाडायला वाकला. मी थांबलो होतो, डोळा थांबला नाही. घाव हलकाच आला, ठरल्याप्रमाणे. नथ्थूची तीन बोटं गेली.

चौकशीला मी डोळ्यावर पट्टी बांधून आलो, ठिणगी गेली म्हणून. ठिणगीबिणगी काही गेली नव्हती. वसुधेच्या जुन्या लुगड्याची ती पट्टी मी सकाळी आरशासमोर उभं राहून बांधली. साहेबांनी विचारलं, इशारा दिला होता का? मी नाही म्हणालो. तुला विचारलं तेव्हा तू माझ्या पट्टीकडे बघितलंस आणि म्हणालास, "साहब, मुझे लगा कि मिला." एवढंच. तुझी नोकरी गेली. मी महिन्याभराने हॅमर सोडून टूल स्टोअरमध्ये बदली मागून घेतली आणि स्वतःला सांगत राहिलो की मी खोटं बोललो नाही, इशारा खरंच मी दिला नव्हता. सहा वर्षं मला हे पुरलं. मला लाज वाटते, बळीराम. त्या पट्टीची जास्त वाटते.

गेल्या महिन्यात भरती निघाली. लढाई होणार हे सगळे धरूनच चालले आहेत, काचांना काळे कागद लागलेत आणि हॅमर चालवणारे मिळेनासे झालेत. गेटवरच्या रांगेत तू दिसलास. बाबूने जुनी यादी काढली, काढून टाकलेल्यांत तुझं नाव सापडलं आणि त्याने तुला बाजूला केलं. तू वळलास तेव्हा मी समोरच होतो, आणि माझा डोळा उडाला. तू सवयीने मान हलवलीस, समजलं अशी, आणि बसस्टँडकडे चालू लागलास. मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

शुक्रवारी वर्क्स मॅनेजरसाहेबांकडे जाऊन मी पट्टीसकट सगळं लिहून दिलं. माझं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, मित्राला परत घ्यायला लावायचं म्हणून असं कोणीही लिहून देईल. सोमवारी, एकोणतीसला, फॅक्टरीचे डॉक्टर माझा डोळा स्वतः बघणार आणि तुला समोर बसवून विचारणार. चोवीसला ऑपरेशन झालं तर एकोणतीसला बघायला काही उरत नाही. म्हणून काल जाऊन मी ती तारीख सोडली. सर्जनना फौजेचं बोलावणं कधीही येईल, पुढची तारीख देता येत नाही म्हणाले. वसुधेला हे अजून सांगितलेलं नाही, ती दवाखान्याची पिशवी भरून बसली आहे. तू सोमवारी सकाळी नऊला मोठ्या गेटवर ये, तिथे तुझं नाव देऊन ठेवलं आहे. आला नाहीस तरी मी आत जाऊन सांगेनच, पण मला ते तुझ्यासमोर सांगायचं आहे.

तुझाच,
(पुढे 'जोडीदार' लिहिणार होतो, ते तू आलास तर)
श्रीरंग