वारा सुटण्याआधीचं पत्र

आरोग्य उपकेंद्र, दापोली तालुका
दि. १ जून

ती. आईस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि योगराज माझं अर्धंच बोलणं तुझ्यापर्यंत पोचवतो, म्हणून पत्र. परवा दुपारी इथे चक्रीवादळ धडकणार आहे. तहसीलची जीप सकाळपासून भोंगा लावून फिरते आहे: वारा ताशी शंभराच्या वर जाईल, किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी शाळेत यावं. होड्या ओढून माडांना बांधल्यात. लाटा आजच रस्त्यावर वाळू टाकून जातात.

डॉक्टर म्हणाले, घरी जायचं असेल तर आजच नीघ. मी नाही म्हटलं. इथे अक्षता नावाची पहिलटकरीण आहे, नववा महिना. तिला तालुक्याला हलवा म्हणून मी मागे लागले, तर सासू म्हणाली, अजून पंधरा दिवस आहेत, उगीच घाबरवू नका. आई, मी शूर नाही गं. पण तिला टाकून सोनगीरला आले तर तुझ्यासमोर घास उतरणार नाही.

आशीर्वाद असू दे.
तुझी,
सुलक्षणा


सोनगीर
दि. ५ जून

चि. सुलक्षणास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. वादळ होऊन दोन दिवस झाले, आणि पोस्टमन तुझं ‘परवा वादळ येणार’ माझ्या हातात देऊन गेला. अक्षर पाहून आधी हायसं वाटलं. मग तारीख वाचली आणि ओट्यावरच बसले. तुझा फोन लागत नाही. टीव्हीवर म्हणतात, टॉवर पडले, शाळांचे पत्रे उडाले. शाळा म्हटलं की मी उठून बाहेर जाते. तुझा भाऊ योगराज मला सांगतो, इमारत पक्की असेल. स्वतः मात्र भरल्या ताटावरून उठला.

पोरी, तू कशी शे? तिकडं सगळं बठ्ठं ठीक शे ना? मी समुद्र कधी पाहिला नाही. तुझ्या नर्सच्या नोकरीचा कागद आला तेव्हा तुझे वडील नको म्हणत होते, मीच हट्टानं पाठवलं. तेच मनात घोळतंय.

योगराज आज निघतोय. त्याच्याजवळ हे पत्र, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा देते. दोनच ओळी लिही. पण अक्षर तुझं असू दे, दुसऱ्या कुणाचं नको.

वाट पाहणारी,
आई


दापोली तालुका
दि. ९ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर माझंच आहे. पत्र्यानं मनगट चिरलं, म्हणून वाकडं आलंय.

तीन तारखेला सकाळीच अक्षताला कळा सुरू झाल्या. शाळेत साठ माणसं. एकच्या सुमारास शेजारच्या वर्गाचं छप्पर गेलं, तेव्हा तिला उचलून पोषण आहाराच्या कोठीत नेलं. तेवढ्याच खोलीवर स्लॅब होता. घोट्याएवढं पाणी. ती सारखी म्हणत होती, बाई, मला सोडू नका. मी तिला धीर देत होते आणि मधेच तुला हाका मारत होते. मुलगी झाली. वाऱ्याच्या आवाजात ती रडतेय हे ऐकूच आलं नाही. तोंड उघडलेलं दिसलं, तेव्हा कळलं. दोघी सुखरूप आहेत.

योगराज परवा पोचला. शेवटचे बारा किलोमीटर आडवी झाडं ओलांडत चालत आला. त्याला पाहून आधी रागावले, मग रडले. आपल्या धुळ्याहून विजेचे खांब उभे करायला माणसं आलीत. त्यांच्यातले निंबाभाऊ उद्या परत जातात, त्यांच्या हाती हे पत्र देते.

इथे सगळे मला धीराची म्हणतात. कुणाला सांगू नकोस, पण जरा वारा सुटला की मी कडी लावून दाराला खांदा देऊन उभी राहते. काल योगराजनं पाहिलं. शेजारी येऊन त्यानंही दाराला खांदा लावला. बराच वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो. बाहेर साधी झुळूक होती.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
सुलक्षणा