टेबलाची पलीकडची बाजू

६ जानेवारी

ती. ताईस,
घुमीचा सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय, रागावू नकोस. काम संपेपर्यंत हात इतके भरून येतात की पेन धरवत नाही. काकूने मला सरकारी विश्रामगृहात स्वतःच्या हाताखाली लावून घेतलंय. कपड्यांच्या खोलीत. चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, सगळ्याला इस्त्री. काकू म्हणते, शाळा सुटली ती सुटली, इथे तोंड उघडावं लागत नाही, तुझ्यासारखीला बरंच आहे.

पुढच्या महिन्यात तुमचे पंतप्रधान येणार आहेत. ‘तुमचे’ लिहिताना कसंतरीच वाटलं. बोलणी आमच्याच मोठ्या हॉलमध्ये आहेत. सगळे म्हणतात, दोन देशांमधला नदीवरचा पूल आता उघडणार.

आईची धाप वाढलीय. डॉक्टर आमच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. ती रोज एकच विचारते, पूल कधी उघडतो. बाबा अजून भावोजींचा विषय काढू देत नाहीत. लग्न झालं आणि वर्षात पूल बंद झाला, तो जसा काही भावोजींनीच बंद केला!

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी घुमी


२८ जानेवारी

चि. घुमीस,
अ. आ.

तुझं पत्र तिसऱ्याच देशातून हिंडून आलं. पत्रांची चैन आहे बाई, आम्ही आपले इथेच.

आमचे पंतप्रधान तुझ्या हातच्या चादरीवर झोपणार म्हणजे आता आमची मान ताठ! इस्त्री नीट कर हं. सुरकुती टोचून त्यांची झोप मोडली तर पूल राहील तसाच.

मी बॅग भरून ठेवलीय. रोज उघडते, एक काढते, दुसरं घालते. हे सिमेंटचा ट्रक लावून दमून घरी येतात आणि हसतात, म्हणतात पंतप्रधानांच्या आधी तूच पोचतेस बघ. पण त्यांनाही येत्या खेपेला बाबांसमोर उभं राहायचं टेन्शन आहे. माणूस डोंगर उतरताना घाबरत नाही, सासऱ्याला घाबरतो.

आईला म्हणावं, निघालेच. रात्री झोप लागत नाही गं. हे तिला सांगू नकोस.

आठवण काढत राहा, मीही काढते.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. माझ्या हातून घोळ झाला.

बोलण्यांच्या लांब टेबलावर मधोमध कापड घालायचं असतं. दोन्ही बाजूंना सारखंच लोंबायला हवं, साहेब पट्टी लावून बघतात. एरवी पाहुण्यांच्या बाजूला जरा जास्त सोडायची आमच्याकडे पद्धत आहे, मानाची. काकूने बजावलं होतं की या वेळी तसं करायचं नाही. साहेब मोजून गेल्यावर मी तरी सोडलं. वीतभर. वाटलं, ती ताईची बाजू.

सकाळी तुमच्याकडचा एक अधिकारी आला आणि त्याला ते खुपलं. आमच्या बाजूला जास्त का, खाली काय लपवलंय, म्हणून विचारायला लागला. मग टेबल उलटं केलं, गालिचा काढला, खुर्च्यांच्या गाद्यासुद्धा उसवल्या. काही नव्हतं. पण अख्खी सकाळ गेली. आमच्या साहेबांनी विचारलं, हे कुणी घातलं. मला बोलता येईना. काकू म्हणाली, मी. तिला सगळ्यांसमोर नको ते ऐकून घ्यावं लागलं.

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं. पूल उघडणार, पण फक्त मालाच्या ट्रकना. माणसांचं पुढच्या वेळी, वेळ कमी पडला म्हणे.

ताई, ती सकाळ मी खाल्ली का गं?

बाबा रेडिओसमोर बसून होते. म्हणाले, सिमेंटची पोती येणार, माझी पोर नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली. कालपासून जेवत नाही.

माया सोडू नकोस एवढंच.

घुमी


९ मार्च

चि. घुमीस,
अ. आ.

आधी डोळे पूस. दोन देश इतकी वर्षं भांडतायत आणि तू वीतभर कापडाने त्यांचं बिघडवलंस होय? एवढी मोठी कधी झालीस? ज्यांना माणसं सोडायचीच नव्हती त्यांना सकाळ काय आणि दुपार काय. काकूच्या मात्र पाया पड. आणि ती वीत तू माझ्यासाठी सोडलीस ना, मग ती मला पोचली.

आता नीट वाच. मी बॅग रिकामी केली. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. तिसऱ्या दिवशी हे आले आणि दारातच थांबले. पुलावरून जाणाऱ्या पहिल्या ट्रकांमध्ये यांचा ट्रक आहे. महिनाअखेरीला निघतील. माल उतरेपर्यंत ड्रायव्हरला गावात फिरायची परवानगी आहे. मी नाही, हेच येणार. नशिबाची थट्टा बघ, ज्यांचं बाबांना नाव नको तेवढेच त्यांच्या दारात येऊ शकतात.

बाबांनी दार उघडलं नाही तर तू उघड. बोलायला सुचलं नाही तर बोलू नकोस, नुसतं उघड आणि त्यांना आईजवळ बसव.

आईला सांग, इतक्या वर्षांत मला जे जे रागवायचं राहिलं ते सगळं त्यांना रागव. का गेलीस, का येत नाहीस, केस किती गळलेत, सगळं. भीड धरू नकोस म्हणावं. हे मान खाली घालून ऐकतील आणि घरी येऊन एकही शब्द न गाळता मला सांगतील. मी तोवर चहासुद्धा न घेता त्यांच्यासमोर बसेन.

तिला तेवढ्यापुरतं जेवू घाल. रागवायला ताकद लागते.

तुझी,
इकडे वाट बघणारी ताई