विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं

२ मार्च
काही वर्षांपूर्वी ड्वेनच्या गाडीच्या काचेवर बॅट घातली, त्या क्षणी सगळं बदललं! मार्लीस तेव्हा त्याची मैत्रीण, त्याच्या शेजारी बसली होती म्हणून. अटक, शिक्षा, कॉलेज सुटलं. मार्लीस मात्र माझ्याकडे आली — कशी, देव जाणे. आता गोदामात खोकी चढवतो. अख्ख्या डेटन शहरात माझ्या नावावर कुणी घर देत नाही. मार्लीस म्हणते, “तुझ्या आईच्या तळघरात मी नाही हं राहायची.”

९ मार्च
जुनी नोंद बंद करायच्या माझ्या अर्जावर कोर्ट झालं. शिक्षेनंतर थांबायची राज्याच्या कायद्यातली मुदत भरली होती, सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही. जज्जने मान वर न करताच सही केली. माझ्या गुन्ह्याची नोंद सील — आता कुणाला दिसणार नाही! मिसेस पिकेट — माझ्या फुकटच्या वकीलबाई — म्हणाल्या, “घरमालकाने विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं. खोटं नाही ते. कायद्याच्या लेखी ते घडलंच नाही.”
आनंद व्हायला हवा होता. नुसती झोप आली.

१२ मार्च
घाण केली! फ्लॅट दाखवणाऱ्या बाईंनी विचारलं, “कधी शिक्षा वगैरे?” आणि मी — “झाली होती, पण आता सील आहे!” सवयच लागलीय. कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी गेलो की सगळं ओकून मोकळा. बाईंचं हसू आटलं. “कळवते हं, बाळा.”
गाडीत मार्लीस किंचाळली, “गाढवा! कोर्टाने बंद केलेलं तूच उघडून दाखवलंस!”

१३ मार्च
तळघरात सराव. मार्लीस घरमालकीण झाली.
“डोळ्यांत बघ. एकच शब्द. पुढे काही जोडायचं नाही.”
“नाही... म्हणजे—”
“म्हणजे काय, म्हणजे? परत!”
मग तिने स्वतः करून दाखवलं. पापणीसुद्धा हलली नाही.
“तुला कसं जमतं गं?”
“सराव,” म्हणाली आणि हसली. काय हसते!

१९ मार्च
दुसऱ्या ठिकाणी जमलं. किल्ली मिळाली. दमलोय.

२१ मार्च
नव्या घरात मार्लीस पडदे लावत होती. ओट्यावर तिचा फोन वाजला. ड्वेनचं नाव — मी वाचलं. तिने झटकन येऊन बंद केला.
“ड्वेन होता?”
तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. “नाही.” पुढे काही जोडलं नाही.
हात शिवशिवले. किल्ली शेगडीवर ठेवली, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं. आवाज न करता.