तुसाचा ढीग

गांधीनगर

तीर्थरूप आबांना सुरभीचा नमस्कार.

फोनवर आई मध्येच बोलते, म्हणून लिहिते. मेसचं जेवण बरं आहे. तांबडीचं वासरू दूध पितंय ना?

काल फॉरेन्सिकच्या वर्गात पुरावा कसा जपायचा ते शिकवलं, आणि मला आपल्या देवळापुढचा तुसाचा ढीग आठवला. अंबाबाई आत्याची नथ चोरीला गेली, तेव्हा घरटी एकानं टोपलीभर तूस आणून तिथं ओतलं होतं, म्हणजे चोराला नथ आपल्या तुसात लपवून गुपचूप परत टाकता यावी. शोधण्याआधी तुम्ही तो ढीग दोन्ही हातांनी कालवलात. मला वाटलं, आबा खेळतायत. न कालवता शोधली असती, तर नथ किती खोल आहे त्यावरून ती कोणाच्या टोपलीतली ते कळलं असतं! वर चोराचं नाव विचारणाऱ्यांना तुम्ही म्हणालात, "गावली ना नथ? मंग नाव कशाला इचारता रं?"

हे तुम्हाला कोणी शिकवलं?

आई सांगत होती, शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि तुम्ही शेजारच्या कमलेशचं नाव पोलिसांत देणार आहात. त्याला ती नेताना कोणी पाहिलंय का? मोटर काही टोपलीत मावायची नाही, आबा. पण थोडे दिवस पंपाच्या खोलीला कुलूप लावू नका.

तुमची,
सुरभी