तुर्गुनच्या नावाचा फातिहा

समरकंद, ३ नोव्हेंबर १९४८

तुर्गुन अका,

सलाम. आईचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी पडली. आमचा सगळा वर्ग महिनाभर कापूस वेचायला गेला होता, परवा परतलो. बोटं फाटलीत, अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या.

झाली विचारपूस. थोरले भाऊ म्हणून एरवी अहो-जाहो करते, आज जमणार नाही. तुला कोणी बोलावलं होतं रे? मी नसताना, न कळवता, खरबुजांचं पोतं पाठीवर टाकून थेट मेडिकलच्या डीनसाहेबांच्या दारात! घरच्या थोरल्याने गुरूला शेतातलं काहीतरी नेऊन द्यायचं असतं म्हणे. असतं ना! पण आधी मला विचारायचं असतं!

काल साहेबांनी मला बोलावलं. युद्धात एक हात गेलाय त्यांचा, उगाच गोड बोलणाऱ्यातले नाहीत. मला खुर्ची दिली, खरबुजाची फोड पुढे केली. म्हणाले, "पोरी, तुझ्या भावाचा मित्र लाख माणूस आहे."

"कोण मित्र?"

"अगं, तो आला नि 'सनोबरचा भाऊ' म्हणाला. मी तुझा फॉर्म काढला. भाऊ बेचाळीस साली लढाईत मेला, असं तुझ्याच हातचं लिहिलेलं. तसं म्हणालो, तर त्याने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, बरोबर आहे साहेब, माझ्या शेजारीच पडला तो. त्याच्या वाटचा मान मी घेऊन आलोय."

कसा गेला, असं त्यांनी विचारलं. आणि तू सांगितलंस! पोटात गोळी लागली, पाणी मागितलं, आईला हाक मारली. साहेबांनी, कोणी बघू नये म्हणून दार लावून, तुझ्या नावाने मेलेल्यासाठीचा फातिहा वाचला आणि तू, मूर्खा, तूही हात वर केलेस! स्वतःसाठी!

मी ती फोड खाल्ली. त्यांच्यासमोर बसून, अख्खी.

घरातलं कोणी शत्रूच्या कैदेत होतं का, असा एक प्रश्न असतो फॉर्मवर. कैदेत गेलेला म्हणजे फितूर असंच धरतात, 'हो' लिहिणाऱ्याला कोणी आत घेत नाही. मी फॉर्म भरला तेव्हा तू कैदेतून सुटून आलास त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. तू अंगणात माझ्यासाठी ट्रंकेला रंग देत होतास आणि मी आत बसून लिहिलं, मृत. मला डॉक्टर व्हायचं होतं. अजूनही व्हायचंय. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

भांडायचंस की माझ्याशी! कापसाच्या शेतावर येऊन चारचौघींत थोबाडीत द्यायचीस! हे काय, मुकाट मरून दाखवायचं? तुझ्या या चांगुलपणाची चीड येते मला. माझी त्याहून जास्त येते.

आज सकाळी जाऊन 'मृत' खोडलं. लिहिलं, 'कैदेत होता. जिवंत आहे. गावी घोड्यांच्या तबेल्यात काम करतो.' साहेब ओरडले, "अक्कल गहाण टाकलीस का? त्याने वाचवलं होतं तुला! आता माझ्या हातात काही नाही." मी म्हटलं, असू दे.

शुक्रवारी समिती बसेल. मला कॉलेजातून काढलं, तर सामान न्यायला ये. नाही काढलं, तरी ये. माफी समोर मागेन, कागदावर नाही. आणि दारावर कोणी विचारलं, कोण तू, तर नाव सांग. माझ्या गळ्याची शपथ आहे, तुझं स्वतःचं नाव सांग.

तुझी सख्खी बहीण,
सनोबर